मापाच्या ब्लाउजातली पुस्तकं

शेणवे गावात बातमी अशी की, हेतल टेलर बायकांच्या ब्लाउजात मंतरलेले कागद घालते आणि बाई नवऱ्याचं ऐकेनाशी होते. आमच्या घरात हेतल यायच्या आधीपासूनच कोणी ऐकत नाही, म्हणून मला शंका आली. माझी खिडकी तिच्या दुकानासमोरच. चौकशी करावी लागत नाही, नुसतं बसावं लागतं.

कागद होते, मंतरलेले नव्हते. पुस्तकं होती. हेतल तृतीयपंथी. सात वर्षांपूर्वी तिनं सावळारामच्या घराची रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली. तिच्यासारख्यांच्या आयुष्यावरची तीन पुस्तकं ती वाचायला देते. उघड न्यायला बाया लाजतात, म्हणून मापाला आणलेल्या जुन्या ब्लाउजात गुंडाळून.

प्रत्येकीला ती सांगते, "आधी हे बारीक ने गो. अशाच एका पोरीच्या आईनं लिवलंय. कायद्याचं जाडं मागनं. ते पहिलं घेतलंस तर झोपशील."

सर्वांत जास्त फेऱ्या सावळारामच्या बायकोच्या, सुंदराच्या. एकाच ब्लाउजाचं माप चार वेळा? बाई रोज फुगते की काय, असं मला वाटलं. खरं कारण गावाला ठाऊक होतं. त्यांचा धाकटा प्रणित कामाला वाशिंदला गेला आणि तिथं कुणाली हे नाव घेऊन मुलगी म्हणून राहू लागली. तेव्हापासून सावळारामनं घरात तिचं नाव काढू दिलं नाही.

मंगळवारी सुंदराचं गाठोडं त्याच्या हाती लागलं, आत ते आईनं लिहिलेलं बारीक पुस्तक. दुकानात मात्र तो उगवला शुक्रवारी. मधले दोन दिवस पारावरही दिसला नाही. काहीतरी शिजतंय, असा मला वास आला. उसवलेली बाही घेऊन मीही आत शिरले.

"आठ दिवसांत खोली खाली कर," तो म्हणाला. "पोर गेलं, आता बायकोला फितवतेस?"

"मी पुस्तक दिलं, दादा. फितवायला टाइम कुठाय?" हेतलचं मशीन चालूच.

पुस्तक टेबलावर आपटायला त्यानं हात उचलला, पण एक बोट पानात अडकवलेलं तसंच. माझ्याकडं तिरकं पाहिलं. मी गुंड्यांच्या डब्यात तोंड घातलं. मग त्याचा आवाज खाली आला.

"ही आई... पोरीला शेवटी घरात घेते का नाय?"

हेतलनं मशीन थांबवलं, दोरा तोडला.

"ते मी सांगणार नाय, दादा. घरी न्या, वाचून संपवा. आणि वहिनींचा ब्लाउज पंधरा दिवसांनी मिळंल, हितंच."