फुआतिनोची ताठ चटई

माझी मावसबहीण फुआतिनो हिनं एकोणीस वर्षं वायरींना पट्टी गुंडाळली. आमच्या बेटावर, अपिया शहराजवळ, तो कारखाना होता. बाया रांगेनं उभ्या, पुढ्यात रंगीत वायरी, त्यांवर काळी पट्टी घट्ट, अगदी घट्ट. जरा सैल राहिली की साहेब परत करायचा. ती जुडगी जहाजानं मेलबर्नला जायची आणि तिथं तिचाच भाऊ इआकोपो ती मोटारींत बसवायचा. "मोटार आमच्याच घरात बनते," असं लोसा मावशी, म्हणजे त्यांची आई, अख्ख्या गावाला सांगायची. घरात साधी सायकल नव्हती, बरं का.

मग तिकडे मोटारी बनायच्या बंद झाल्या. दुसऱ्या कुठल्या देशात स्वस्त पडतात म्हणे. एकाच वर्षात इआकोपो तिकडे घरी बसला आणि फुआतिनो इकडे. रेडिओवर एक माणूस सांगत होता, जग जवळ आलं, गरीब देशांना काम मिळालं, श्रीमंतांना स्वस्त माल मिळाला. खोटं नव्हतं ते. तिच्या पगारावरच घरावर पत्रे चढले. माझा मुलगा न्यूझीलंडच्या फळबागेतून पैसे पाठवतो, ते मी काही परत करत नाही. पण मेल्या, जवळ आलेलं जग उठून निघून गेलं की आम्ही काय करायचं, तेही सांग ना! मी रेडिओवर खेकसले. फुआतिनो शेजारीच बसली होती.

त्यात मावशीनं अंथरूण धरलं. आमच्यात मयताच्या पेटीवर केवड्याच्या पानांच्या बारीक पट्ट्यांची चटई सगळ्या गावासमोर उघडून पसरतात. फुआतिनो आजवर प्रत्येक लग्नामयताला विकतची आणायची, विणायला तिला वेळ कुठला होता?

"माझ्या पेटीवर पोरीच्या हातची चटई उघडशील?" मावशीनं मला विचारलं. "विकतची नको गं."

"उघडीन, मावशी," मी म्हटलं.

आठ महिने मी तिला शिकवलं. ती ओढून ओढून विणायची.

"अगं बाई, पान आहे ते, वायर नाही! हात सैल सोड!"

"सैलच आहे, ताई."

"हे सैल? यानं होडी बांध तू!"

सोबत विणणाऱ्या बाया खो खो हसायच्या. ती निमूटपणे उसवायची आणि पुन्हा तशीच घट्ट विणायची. चांगली चटई लुगड्यासारखी अंगावर पडते. हिची पुठ्ठ्यासारखी उभी राहायची. तरी तिनं ती पुरी केली.

मावशी गेली. इआकोपो आला, येताना मेलबर्नमधल्या आमच्या लोकांकडून एक जुनी, म्हणून जास्त मानाची, मऊसूत चटई विकत घेऊन आला. चटया माझ्या ताब्यात होत्या. बाहेर नेण्याआधी मी फुआतिनोची जरा उलगडून पाहिली, तर घडीवर कडाकड मोडली. अंगणात सगळं गाव बसलेलं. मला लाज वाटली, खरं सांगते. मी ती ढिगाच्या तळाशी सारली आणि भावाची उघडली. रीतीप्रमाणे बायांनी कौतुकाच्या आरोळ्या ठोकल्या, वाहवा झाली. मावशी विकतच्या चटईखाली गेली.

नंतर मी फुआतिनोला गाठलं. "अगं, तुझी चटई मी..."

"बरं केलंस, ताई," ती म्हणाली आणि पाहुण्यांना चहा द्यायला निघून गेली. माझ्या झिंज्या उपटल्या असत्या तरी मला बरं वाटलं असतं.

महिन्याभरानं ऑस्ट्रेलियात फळं भरायला माणसं हवीत म्हणून नावं लिहून घेणारे आले. मी तिच्याबरोबर गेले. टेबलामागच्या मुलीनं हसून तिला विचारलं, "मावशी, काय काय येतं तुम्हाला?"

"काही नाही," फुआतिनो म्हणाली.

मुलीनं तसंच लिहून घेतलं. मी तिथंच खेटून उभी होते, आणि तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.