चार सेकंदांची चतुर्थी

कुणाचाही हात क्षणभर रिकामा राहिला तर ज्याला अन्न गोड लागत नाही, असा माणूस मी एकच पाहिला: आमचे धाकटे साडूभाऊ. ते मूळचे कुडाळचे, नोकरी पुण्यात. तिथे ते संगणकाच्या पडद्यावर रोबोंना कामं वाटून देत. मोटारीच्या सांगाड्याला वेल्डिंगचे टाके घालणारे चार रोबो. कुणी कुठला टाका आधी घालायचा, कुणाचा हात कुणाला आपटणार नाही, कुणी ताटकळणार नाही, हे कारखाना उभा राहण्याआधी पडद्यावर चालवून बघायचं. तिथे चार रोबो त्यांचं ऐकत, म्हणून इथे माणसांनीही ऐकावं अशी त्यांची रास्त अपेक्षा. एकदा कुडाळ स्टेशनावर त्यांनी आम्हा तिघांत चार पिशव्यांची अशी काटेकोर वाटणी केली, की वजन सगळ्यांना सारखं आलं. चौथी पिशवी मात्र चर्चा चालू असताना गाडीतच राहून मडगावला गेली. मालवणच्या मासळी बाजारात सुरमई कापणाऱ्या बाईला त्यांनी घाव घालण्याचा क्रम सुचवला. ती मान वर न करता म्हणाली, "भावानू, माझी कोयती चाळीस वरसां अशीच चलता. तुमी जरा उजेडातसून बाजूक व्हा."

दोन हजार सहा सालची चतुर्थी. घरचा दीड दिवसांचा गणपती पोचवून आम्ही दोघे जावई मालवणला सासुरवाडीला गेलो; तिथला गणपती पाच दिवसांचा. साडूभाऊ लॅपटॉप घेऊन पडवीत बसले, जेवायलाही उठेनात. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "दादानू, चोपन सेकंदांत गाडी फुडे जावक होयी, माझी अठावन घेता. सोमवारपर्यंत चार सेकंद निघाले नायत तर ह्या काम दुसऱ्यांका देतले. माझ्यावर सोपवलेला पयला काम आसा." चेहरा इतका उतरला होता की मला थट्टा सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी नैवेद्याला एकशे एक मोदक करायचे होते. मन रमावं म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि लगेच वाटणी सुरू केली. सासूबाई, त्यांच्या दोन्ही मुली आणि सूनबाई, प्रत्येकीला पंचवीस. उरलेल्या एका मोदकावर त्यांनी पाच मिनिटं विचार केला. लांब ताटात उकडीच्या पाऱ्या मांडलेल्या. चौघींनी डावीकडून सारण भरत यायचं, असा हुकूम निघाला. कोपराला कोपर लागलं, दोन पाऱ्या फाटल्या. सासूबाईंनी हात थांबवला.

"जावयांनू, चवगींचे हात एकाच कोपऱ्यात कित्याक कोंबतास? दोगींनी हयसून भरूचा, दोगींनी थयसून. मधी गाठ पडात तेव्हा ताट सोपलेला आसतला."

साडूभाऊ पिठाच्या हातांनी पडवीत लॅपटॉपकडे धावले. त्यांनी टाके सारखे वाटले होते, पण सगळ्या रोबोंना सुरुवात मोटारीच्या पुढच्या दारापाशीच दिली होती. मधले दोघे एकमेकांच्या वाटेत थांबून राहत. त्यांनी दोघांचा क्रम उलटा केला. त्रेपन्न सेकंद. पडद्यावर पिठाची बोटं उमटली होती आणि ते ती पुसू देईनात.

काम मंजूर झालं, त्यांचं नाव झालं, आणि त्या नावामुळेच त्यांना तीन वर्षांसाठी चेन्नईला पाठवलं. चतुर्थीला रजा मिळेना, बायको तेवढी आली. पुढच्या वर्षी मी त्यांच्या सवयीने घड्याळ लावलं. ते असताना एकशे एक मोदकांना दीड तास लागला होता, आता पन्नास मिनिटं लागली. एकही पारी फाटली नाही. चौघी हात धुऊन बसल्या. सासूबाई पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाल्या, "येवढ्या बेगीन सोपवन आमका खंय जावचा होता?"