पाटावरची चिठ्ठी

वाक्याखाली बोट ठेवून त्या बाई विचारायच्या, "हे खरं हाय का, दादा?" बारीक अक्षरातलं सगळं वाचणारं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या पेणमध्ये तशा त्या एकट्याच.

रोह्याहून येऊन त्या ऑनलाइन धंदेवाल्यांच्या वेबसाइटवरच्या अटी लिहून द्यायच्या. पापडवाले, पोहेवाले, आम्ही गणपतीवाले, सगळ्यांनी अटी दुसरीकडून ढापलेल्या. माझ्या साइटवर तर 'पसंत नसल्यास तीस दिवसांत परत' होतं. त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "विसर्जन झाल्यावर परत घेणार काय?"

मग बोट पुढच्या वाक्यावर आलं आणि हसू गेलं. "ग्राहकाची माहिती आम्ही कुणालाही दाखवत नाही. हे खरं हाय का?"

"हाय की."

"मग ह्या फोटोत काय दिसतंय?"

आमच्याकडे मूर्ती ठरली की पाटावर चिठ्ठी चिकटवतात. नाव, पत्ता, फोन. मूर्तींचा फोटो साइटवर टाकला की चिठ्ठ्याही जगभर जायच्या.

"नुसता ऑर्डरचा नंबर लिहा. कायद्याचं राहू द्या, कुणाच्या तरी जिवावर बेतेल."

मी ऐकलं. चिठ्ठ्यांवर नंबर आले.

स्वतःबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. कारखान्यात भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायच्या. फोटो काढू द्यायच्या नाहीत. आम्ही त्यावरून त्यांची थट्टा करायचो, हे आता आठवतं.

गेल्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच आमच्याकडे गणपती सांगितला. शाडूचा, एक फुटाचा. "पाच वर्षांनी बसवतेय," म्हणाल्या. टेम्पोनं पोचवायचा म्हणून पत्ताही दिला. एवढ्या जवळच्या माणसाच्या देवापुढे नुसता आकडा मला बरा दिसेना. मायेनं, चांगल्या अक्षरात, मी पूर्ण नाव-पत्ता लिहिला. आणि सवयीनं रांगेचा फोटो टाकला.

फोटो टाकल्यापासून नवव्या दिवशी एका माणसाचा फोन आला. आवाज फार गोड. "डावीकडून तिसरी मूर्ती आमच्या सौ.ची. रोह्यालाच जाणार ना?"

"व्हय, चतुर्थीच्या आदल्या दिवशी," मी कौतुकानं सांगितलं. फोन ठेवला आणि चिठ्ठी आठवली; आधी तो फोटो साइटवरून काढला.

लगेच त्यांना कळवलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"फोटो किती दिवस होता?"

"नऊ."

मग म्हणाल्या, "ते वाक्य काढा, दादा. खरं नाय ते ठेवू नये."

टेम्पो मूर्ती घेऊन परत आला. रोह्यात त्यांच्या खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "एक गृहस्थ गाडी घेऊन आलेले. बाई त्याच्या आधी गेल्या का त्याच्याबरोबर, ते मी नाय बघितलं." त्यांचा फोन बंद. मी पोलिसांत सांगून आलो, त्यांनी लिहून घेतलं. वर्षभर मला नीट झोप नाही. चूक माझीच होती.

परवा तोच गोड आवाज. "यंदा सांगितलाय का त्यांनी गणपती?"

म्हणजे तो अजून शोधतोय. म्हणजे त्या त्याला सापडल्या नाहीत. काढून टाकलेलं वाक्य मला पाठ होतं, तेच त्याला म्हणून दाखवलं. "ग्राहकाची माहिती आम्ही कुणालाही दाखवत नाही."

तो हळूच हसला. "असू दे. मी दरवर्षी विचारीन."

ती मूर्ती अजून फळीवर आहे. चिठ्ठी मी खरवडून काढली, पण डिंकाचा चौकोनी डाग काही जात नाही.