भाड्याच्या पंख्याचा ठोका

१९५५ सालच्या मे महिन्याची तीन तारीख. टेबलपंख्याचे महिन्याचे भाडे बारा रुपये ठरले, तेव्हा सिंदी गावातल्या दुकानात आम्ही तिघे हजर होतो: पंखेवाला, मी आणि माझी बायको. आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. पट्टी सुटेपर्यंत मान हलवायची नाही, हलली तर डोळा जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. डोळ्यावर सरळ वाराही नको, म्हणून फिरत्या मानेचा पंखा घेतला.

तो लग्नाच्या मांडवांतून फिरून आलेला. जाळीवर हळदीची बोटे, पानाच्या पिंका, काळ्या वंगणात अडकलेला तांदूळ. बायकोने तो पदर नाकाला लावून पुसला.

चालू केला की पात्यांची घरघर भरपूर, पण तिचा आईला त्रास नव्हता. पंख्याची मान उजव्या टोकाला गेली की मात्र 'कट्' असा ठोका पडे, आणि आईची हनुवटी तिकडे ओढली जाई. मी वेग कमी केला. ठोका हलका झाला, उशिरा पडू लागला, आणि आई जास्तच बेचैन झाली.

"बाबू, थो आता पडते, मंग पडते, असंच ऐकत राह्यतो मी," ती म्हणाली. "बंद कर. उकडलं तं उकडू दे."

पाऱ्याने बेचाळीस पार केलेल्या दुपारी पंखा बंद करणे मला जमेना. मागचे झाकण उघडले. मानेच्या खाचेत पत्र्याची पट्टी मुद्दाम ठोकलेली होती. पक्कडीने उपटली. घरघर होती तेवढीच राहिली. थोड्या वेळाने आई, पंखा आता मुका झाला म्हणाली आणि सरळ मानेने झोपली.

ती पत्र्याची पट्टी घेऊन दुकानात गेलो. पंखेवाल्याला लाज नव्हती. मांडवात वरपक्ष उजवीकडे बसवतात. आपल्याकडे वारा वळला हे त्यांना ऐकू आले पाहिजे, नाहीतर रुसतात, असे त्याने समजावले.

"रोग्याच्या घरी देतानी तरी काढाची होती," मी म्हणालो.

"भाऊ, आवाज नाई तं भाडं कायचं?"

त्याच्याशी बोलण्याचीच किळस आली. पुढे आईच्या डोळ्यावरची पट्टी सुटली. तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग पंख्याकडे, आणि केवढा घाण आहे म्हणाली.

पंखा परत केला. पंखेवाल्याला बारा रुपये आठ आणे मोजले: बारा भाड्याचे, आठ आणे ती पत्र्याची पट्टी पुन्हा ठोकण्याचे.