सत्त्याण्णवचा भाग

उन्हाळ्यात सूर्यमाळला विहिरीवर नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस जायचा. तळाशी पाझर साठायचा, एकीचा हंडा भरायचा, की पुन्हा वाट. बाकीच्या बाया गावाची उणीदुणी काढायच्या. मी आणि माझी थोरली बहीण कातळावर कोळशाने भागाकार मांडायचो.

खूळ माझंच. आश्रमशाळेतल्या गणिताच्या सरांनी सुट्टीला सोडताना कोडं घातलं होतं: पाच अंकी आकड्यांत सगळ्यात लहान मूळ संख्या कोणती? म्हणजे एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारा आकडा. बहिणीची शाळा सातवीतच सुटलेली, पण कोडं ऐकून तीच जास्त पेटली. दहा हजार एक हाच तो, असं दोघींना वाटलं. तीन, सात, अकरा, कुणालाच दाद देईना. त्र्याहत्तरला मात्र पठ्ठ्या सपशेल फुटला. घरी पोचेपर्यंत बहीण माझ्याशी बोलली नाही, जणू मीच फोडला.

दहा हजार तीनला सातानेच भाग गेला, पाचवाला तर बघायलाच नको. मग दहा हजार सात धरला. आकडा दोन तुकड्यांत फुटलाच, तर धाकटा तुकडा शंभराच्या आत सापडतो; म्हणून शंभरापर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की झालं. तेवढ्यात तिचं पोशेऱ्याला लग्न ठरलं. हळदीच्या आदल्या दिवशी एकोणनव्वद झाला, उरला एकटा सत्त्याण्णव.

मी म्हटलं, हा राहू दे, तू माहेरी आलीस की दोघी मिळून करू. एक भाग शिल्लक आहे तोवर ती पुरती गेली नाही, असं मला वाटायचं.

ती यायची, पण कधी कडेवर पोर, कधी नाचणीच्या लावणीची घाई. भाग राहूनच गेला. आता मी जव्हारला गणित शिकवते. उत्तर पुस्तकात छापलेलंच असतं, पण वर्गातली पोरं तेच कोडं सोडवत सत्त्याण्णवला पोचली की मी खिडकीबाहेर बघते.

यंदा मे महिन्यात तिच्या ओट्यावर बसलो होतो. चुलीतला विझलेला कोळसा आणून मी म्हटलं, चल बाय, आज संपवूच. ती हसली.

"मी तं तवाच केला," ती म्हणाली. "अंगावरची हळद उतरली नव्हती तवा. घरात बोलाया कोण नव्हतं. सोला उरलं."

मग इतकी वर्षं सांगितलं का नाही, मी विचारलं.

"तू दर खेपेला म्हणायचीस, भाग राहिलाय आपला. मला बरं वाटायचं."

मला रडू आवरेना. मी तिच्यासाठी भाग राखून ठेवला होता, आणि परक्या घरात तिला तो एकटीने सोडवावा लागला होता. तिने माझ्या हातातला कोळसा घेतला, ओट्यावर दहा हजार सात लिहिलं, शेजारी सत्त्याण्णव, आणि कोळसा परत माझ्या हातात दिला.

"आता तू कर. मी बघते."

मी मुद्दाम सावकाश केला. सोळाच उरले.