विम्याच्या यादीत नसलेली म्हैस

पेणच्या आमच्या मदतकक्षात फायलींना कपाट आहे, किश्शांना नाही. त्यामुळे ते टेबलावर, बाकावर, चहाच्या कपांपाशी साठत जातात, आणि कोणी भेटायला आलं की आधी तेच हाती लागतात.

कक्ष म्हणजे दोन खोल्या, एक फोन आणि संध्याताई. ताई वीस वर्षं रोह्याला नर्स होत्या. आता कॅन्सरच्या पेशंटचं ऑपरेशन कुठं होईल, ते शोधून देतात. मी परदेशात सार्वजनिक आरोग्य शिकून परत आलो आणि पहिल्याच आठवड्यात एक रंगीत तक्ता केला: कोणता विमा, कोणतं ऑपरेशन, कोणतं हॉस्पिटल. ताईंनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

"छान झालाय. भिंतीवर लाव. पण कोणाला पाठवायच्या आधी फोन कर."

*

फोन का, ते कोलाडच्या एका रिक्षावाल्यानं शिकवलं. त्याला तोंडाचा कॅन्सर. माझ्या तक्त्यात हिरव्या रंगात असलेल्या हॉस्पिटलात मी त्याला पाठवलं. हॉस्पिटल सरकारी योजनेत होतं, पण फक्त किडनी आणि हाडांसाठी. तिथून त्याला दुसरीकडं धाडलं. तिथं ऑपरेशन होत होतं, पण त्याच्या योजनेच्या कार्डावर नाही.

संध्याकाळी तो येऊन बाकावर टेकला. "साहेब, लग्नाला पोरगी बघताना पण एवढी घरं फिरलो नव्हतो."

ताईंनी फोन उचलला. त्या नेहमी एकच प्रश्न दोन वेगळ्या माणसांना विचारतात: "हेच ऑपरेशन, ह्याच कार्डावर, तुमच्याकडंच?" तिसऱ्या हॉस्पिटलनं दोन्ही वेळा हो म्हटलं. ऑपरेशन तिथंच झालं. तक्ता मी भिंतीवरून काढला.

*

मग आल्या गडबच्या दोघी जावा. थोरली सुमनकाकू, धाकटी शोभा. दोन वर्षांपूर्वी शोभाच्या छातीत गाठ निघाली होती. तिचा नवरा रोह्याच्या कंपनीत, त्यामुळे कंपनीच्या विम्यावर पनवेलच्या खाजगी हॉस्पिटलात तिचं ऑपरेशन झालं. यंदा तशीच गाठ काकूंना. त्यांचा नवरा भात आणि वाल पिकवतो, म्हणून त्यांच्यापाशी सरकारी योजनेचं कार्ड. पनवेलचं हॉस्पिटल योजनेत नाही. काकूंना मुंबईच गाठायला हवी.

"चूल एक, गाठ एक, मग डॉक्टर दोन कसे?" काकूंनी मला विचारलं.

इतका नेमका प्रश्न मला कुठल्या प्राध्यापकानं विचारला नव्हता. ताईंनीच सांगितलं, "शोभाचा नवरा कंपनीत, तुमचे शेतात. म्हणून."

"म्हंजे कोण शिफ्टला जातो ते गाठीला कळतंय म्हणायचं."

*

लांबवू नका, गाठ वाढतेय, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मुंबईची तारीख मिळाली, काकू गेल्या नाहीत. दुसरी मिळाली, तीही चुकवली. मी गडबला गेलो. ओटीवर बसून मुंबईचे सर्जन किती अनुभवी, तिथं रोज अशी ऑपरेशनं कशी होतात, हे अर्धा तास सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरगा चांगला बोलतो गो," त्या शोभाला म्हणाल्या. "पाणी दे त्याला."

*

दुसऱ्या दिवशी ताई माझ्याबरोबर आल्या. ऑपरेशनचं नावसुद्धा काढलं नाही. "काकू, घरात काय अडतंय?"

काकूंनी गोठ्याकडं बोट केलं. चंद्री म्हैस नुकतीच व्यालेली, आणि काकूंशिवाय कोणाला कासेला हात लावू देत नाही. "पनवेल असतं तर तपासणीला सकाळची धार काढून गेले असते, सांजच्या धारेला परत. मुंबईत नुसत्या तपासणीला आठ दिस राहा म्हणतात. मग ऑपरेशन. तवर हिची कास सुजंल."

माझ्या तक्त्यात अंतर होतं, खर्च होता. सांजची धार नव्हती.

ताई शोभाकडं वळल्या. "काकूंची रोजच्या नेसणीची साडी कुठली गो?"

शोभा समजली. काकूंची न धुतलेली हिरवी साडी नेसून ती चंद्रीच्या कासेखाली बसली. पहिल्या दिवशी चंद्रीनं बादली उडवली. दुसऱ्या दिवशी नुसती शेपटी मारली. तिसऱ्या दिवशी शोभानं अर्धी बादली भरून काकूंपुढं ठेवली.

"माझ्या वक्ताला माझी पोरं तू सांभाळलीस," ती म्हणाली. "आता जा गो मुंबईला."

तिसरी तारीख काकूंनी चुकवली नाही. गाठ वेळेत निघाली.

*

बऱ्या झाल्यावर काकू कक्षात आल्या आणि ताईंना त्यांच्या वहीत काहीतरी लिहायला लावून गेल्या. मी तेव्हा फोनवर होतो.

परवा निडीचे एक शेतकरी आले. पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, कार्ड योजनेचं, हॉस्पिटल मुंबईचं. मी दोन माणसांना फोन करून खात्री केली. पण शेतकरीदादांनी नकारार्थी मान हलवली. "नाय जमायचं. बायको गेली गेल्या साली. घरात मी आणि म्हैस."

मी भाषण केलं नाही. ताईंची वही उघडली आणि त्यांना वाचून दाखवलं:

"सुमन, गडब. ऑपरेशनला जाणाऱ्याची म्हैस ठेवून घेईन. येताना मालकाचा रोजचा सदरा आणावा. धुऊ नये."