कोल्ह्यासाठी काडतूस

बाबा गेल्यावर त्यांची पुस्तकं, चष्मे आणि कपडे यांची व्यवस्था मी लावली. बंदूक मात्र राहिली. परवानेदार गेला की वारसाने ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायची, आणि मग ठेवायची की सोडायची ते अर्जात लिहायचं, असा कायदा आहे. अर्जात 'बंदुकीचा वापर' असा एक रकाना असतो. त्यापुढे खरं लिहायचं तर 'चर्चा' असं लिहावं लागलं असतं.

आजोबा निजामाच्या महसूल खात्यात होते. ती दुनळी बारा बोअर त्यांनी घेतली. त्यांच्यानंतर ती बाबांकडे आली, परवान्यावर 'पिकाचं रक्षण' हे कारण घेऊन. विकाराबादेकडे आमची थोडी जमीन आहे. ती कसणारा दर वर्षी टरबुजं लावतो आणि दर वर्षी कोल्हे येऊन त्यातली चांगली चांगली खातात. तसा त्याचा फोन आला की पुढच्या रविवारी शहरातल्याच नारायणगुड्याहून काका हिमायतनगरला आमच्याकडे येत आणि दोघे भाऊ काडतूस निवडायला बसत.

काकांनी चाळीस वर्षं वकिली केली. त्यांचं म्हणणं, एसजी. त्यात छर्रे थोडे पण मोठे, त्यातला एक लागला तरी काम झालं. बाबा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. त्यांचं म्हणणं, बीबी. त्यात छर्रे बारीक पण पुष्कळ. कोल्हा अंगाने किडकिडीत, एसजीचे नऊ छर्रे त्याच्या आजूबाजूने निघून जातील आणि तो टरबूज खातच राहील.

"तुझ्या बीबीने तो नुसता जखमी होईल, दादा. हा क्रूरपणा आहे."

"आणि तुझ्या एसजीने त्याला वारा लागेल. तो तेवढा दयाळूपणा आहे."

सुलतान बाजारच्या फुटपाथवरून बाबांनी शिकारीवरची जुनी पुस्तकं आणली होती. चाळीस यार्डांवर छर्रे किती पसरतात याच्या आकृत्या त्यांनी एका वहीत काढल्या होत्या. कोल्ह्याची बाह्याकृती त्यांनी ट्रेसिंग पेपरवर कापून ठेवली होती. ती आकृतीवर ठेवून ते काकांना कोल्ह्याच्या आत पडलेले ठिपके मोजायला लावत. एका वर्षी काकांच्या टेक्ससमधल्या मुलाने व्हिडिओ कॉलवर सांगितलं की त्यांच्याकडे कोयोट असतात, म्हणजे तिकडचे कोल्हेच, आणि त्यांना टंगस्टनचे छर्रे लागतात. त्या दिवशी पहिल्यांदाच दोघे भाऊ एका बाजूला झाले. बाबा म्हणाले, "अमेरिकन जनावर खाऊनपिऊन तगडं असतं. त्याचं गणित इथे चालणार नाही." मुलाने स्वतः कधी बंदूक हातात धरली आहे का, हे कोणी विचारलं नाही. तसं विचारलं असतं तर आमच्यातही कोणी बोलण्यासारखं नव्हतं.

निवड ठरेना, म्हणून तीस वर्षांत काडतूस विकत आणलं गेलं नाही. कोल्ह्याला मारायला कायद्याने बंदी आहे, हे मी एकदा भीतभीत सांगितलं. काका माझ्याकडे दयेने पाहत म्हणाले, "बाळ, कानून मला नको सांगू. मारायचंय कोणाला? निवडायचंय." तिकडे जमीन कसणाऱ्याने मधल्या काळात रिकामे डबे टांगले, कुत्रा पाळला आणि फोन करायचं हळूहळू सोडून दिलं.

तेराव्याची माणसं गेल्यावर काका खुर्चीत बसून म्हणाले, "परवाना तुझ्या नावावर करून घेऊ. आणि एसजीच घेऊन टाकू. आता कोणाची हरकत नाही."

ते वाईट हेतूने बोलले नाहीत. पण मला ते सहन झालं नाही. बाबा हरत होते, आणि तेही गैरहजर राहिल्यामुळे. मी आयुष्यात कोणाशी वाद घातलेला नाही. तरी म्हणाले, "माझी हरकत आहे, काका. मी बीबीच्या बाजूने आहे."

"तुला त्यातलं काय कळतं गं?"

"चार दिवस द्या."

चार दिवस मी बाबांची वही वाचली. त्यांचं अक्षर शेवटी शेवटी थरथरत गेलं होतं, मुद्दे मात्र तसेच ठाम होते. पाचव्या दिवशी आम्ही बंदूक खोळीत घालून, कागद घेऊन, नामपल्लीजवळच्या बंदुकांच्या एका जुन्या दुकानात गेलो. बंदूक जमा करायची होतीच. काकांना त्याच वेळी जाणकाराकडून निकाल हवा होता.

काउंटरपुढे उभं राहून आम्ही दोघांनी आपापली बाजू मांडली. छर्ऱ्यांचा पसारा सांगताना मी बाबांचा एकही मुद्दा सोडला नाही. म्हाताऱ्या दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं. मग बंदूक हातात घेतली, नळ्या अलगद सोडवल्या आणि उलट्या करून त्यांच्या बुडाशी फडकं फिरवलं, तशी तिथे कोरलेली एक बारीक खूण दिसू लागली. दर दसऱ्याला आम्ही तिला हळदकुंकू वाहत असू. नळ्या सोडवून मात्र कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"साब, इसका कारतूस का खाना तो अढाई इंच का है. पुरानी विलायती. आप लोगां जो बोल रहे ना, एसजी बी और बीबी बी, मेरे पास सब लंबे कारतूस हैं. अंदर तो चले जाते, पर फुटने को जगा होना ना? नाली फट जाती, आप बी जाते." त्याने आमच्याकडे पाळीपाळीने पाहिलं. "कोल्हा नहीं जाता."

काकांनी ती खूण स्वतः वाचून पाहिली. मग त्यांनी जमा-पावतीवर साक्षीदार म्हणून सही केली.

परतताना आम्ही ऑटोत बसलो. बशीरबागेच्या सिग्नलला काका एकदम म्हणाले, "दादाला हे ठाऊक असेल का गं?"

"नाही. वहीत कुठेच नाही."

"नसणारच. ठाऊक असतं तर तीस वर्षं मला सोडलं नसतं त्यानं." आणि ते हसायला लागले. इतके हसले की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. मग त्यांनी रुमाल काढला आणि तो बराच वेळ डोळ्यांवर धरला.

"म्हणजे तोही हरला नाही," शेवटी ते म्हणाले.

"तुम्हीही नाही, काका."

"मी हरणारच नव्हतो." घर जवळ आलं तसा त्यांचा आवाज वकिलाचा झाला. "अढाई इंचात काय काय मिळतं ते बघून ठेव. रविवारी येतो. तुझी बाजू कुठली?"

"बीबी."

"बाप तशी तूही अडेल," काका म्हणाले, आणि ऑटोवाल्याला जिना जवळ पडेल अशा बाजूला वळायला सांगू लागले.